पिस्तोनोच्या काठची बाबागाडी

"त्या गाडीत होतं काय? बाळ नव्हतं, हे मलाही ठाऊक आहे. मग काय होतं, तेवढं सांगा."

कातियाने अजून कोट काढला नव्हता. एक हात चौकटीवर टेकून ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती आणि तिचा आवाज अगदी खाली गेला होता. सुनेचा आवाज असा खाली गेला की भांडण लवकर मिटायचं नाही, हे ओत्तावियाला नऊ वर्षांत कळून चुकलं होतं.

"मक्याचं पीठ," ओत्ताविया म्हणाली. "पाच किलोंची पिशवी. आणि वर दोन किलो तांदूळ."

"पीठ."

"जाडं. पोलेंताचं."

इवानो बायको आणि आई यांच्या मधोमध, मोरीला पाठ लावून उभा होता. त्याला हसू येत होतं. ते त्याने हातातल्या कडक ब्रेडच्या काडीबरोबर चावून टाकलं.

टेबलावर, सूपच्या पातेल्याशेजारी, गुलाबी फितीचं एक मोठं फूल पडलं होतं. मूल झालं की मोंताल्तो गावात घराच्या फाटकाला असं फूल बांधतात, मुलगा असला तर निळं, मुलगी असली तर गुलाबी, आणि खाली सोडलेल्या पट्टीवर बाळाचं नाव भरलेलं असतं. साडेसहाला कातिया जवळच्या इव्रेआ शहरातल्या चष्म्याच्या दुकानातून परत आली, तेव्हा ते यांच्याच फाटकाला बांधलेलं होतं. या घरात मूल नव्हतं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत सहाव्या महिन्यात गेलं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी एक, अगदी सुरुवातीलाच.

"आज दुकानात तीन बायकांनी माझा हात दाबला," कातिया म्हणाली. "चष्मा घेतला, हात दाबला, गेल्या. एकीनेही तोंड उघडलं नाही. मला वाटलं, कुणी गेलं की काय. आता कळलं कशासाठी ते. म्हणजे आम्हाला होत नाही म्हणून घरातली म्हातारी रिकामी बाबागाडी घेऊन तळ्याला चकरा मारते, हे गावभर झालंय. आणि ज्यांना पुरतं कळलं नाही, ते पेढे मागायला यायचे बाकी आहेत."

ओत्ताविया म्हणाली, की ती चकरा मारत नव्हती, मंडळाचं काम करत होती. ते खरंच होतं.

काम असं होतं. गावाच्या वर, किल्ल्याच्या टेकडीच्या पायथ्याशी पिस्तोनोचं तळं आहे. रविवारी तोरिनोहून, इव्रेआहून माणसं पोराबाळांना घेऊन येतात, तळ्याला फेरी मारायला निघतात आणि बाबागाड्या मुळांत अडकल्या की घामाघूम होऊन गावातल्या बारमध्ये येतात आणि कुरकुरतात. तेव्हा गावच्या मंडळाने ठरवलं, की वाटेवरच्या पाट्यांवर गाडीचं छोटं चित्र काढायचं. जिथे गाडी जाते तिथे चित्र, जिथे जात नाही तिथे नाही. पण कुठे जाते आणि कुठे नाही, हे आधी कुणीतरी बघायला हवं. मंडळात सातही जण पुरुष. त्यांच्यातल्या कुणी जन्मात बाबागाडी ढकलली नव्हती, स्वतःच्या मुलांचीसुद्धा. मंडळाचा अध्यक्ष तेरेझियो, पूर्वीचा मोजणीदार, एक दिवस वही घेऊन ओत्तावियाच्या दारात आला आणि म्हणाला, "तू एकतीस वर्षं पोरांत काढलीस. तुला कळेल."

एकतीस वर्षं तिने बालवाडीच्या स्वयंपाकघरात काढली होती. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक माणसाने तिच्या हातचं गाजराचं सूप नाक मुरडून खाल्लेलं होतं. कोण पालक ताटाखाली लपवायचं आणि कुणाला दूध पचायचं नाही, हे तिला अजून आठवत होतं. पण रस्त्यात ती माणसं 'बोंजोर्नो' म्हणून पुढे जायची. ती स्वतः वरच्या खोऱ्यातल्या, माणसांपेक्षा शेळ्या जास्त असलेल्या गावातून एकोणिसाव्या वर्षी इथे नांदायला आली. नवरा सेकोंदो टाइपरायटरच्या कारखान्यात होता. सहा वर्षांपूर्वी तो गेला. त्याच वर्षी तिची नोकरी संपली. त्यानंतर तिच्याकडे कुणी काही मागायला आलं नव्हतं. टेलिफोन वाजला तर तो वीज कंपनीचा असायचा, आणि तोसुद्धा कंपनी बदला म्हणून.

वरच्या मजल्यावर मुलगा आणि सून. बोलावल्याशिवाय वर जायचं नाही, हा नियम ओत्तावियाने स्वतःलाच घालून घेतला होता, कारण तिच्या सासूने तो कधी पाळला नव्हता. पण पावलं ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. कातिया टाचांवर चालते, इवानो पाय घासत. सकाळी आधी टाचा, मग घासणं, मग कॉफीचं भांडं. संध्याकाळी याच्या उलट. कधीकधी दुपारी, घर पूर्ण रिकामं असताना, ओत्ताविया हातातलं काम थांबवून वर कान द्यायची आणि काहीच नाही म्हणून पुन्हा हात चालवायची.

म्हणून वही मिळाली त्या दिवशी तिने तिला खाकी कागदाचं वेष्टन घातलं, शाळेतल्या पोरीसारखं.

गाडी तिने चर्चच्या कोठीतून आणली. रिकामी गाडी मुळांवरून उड्या मारते, तिच्यावरून काही कळत नाही. म्हणून पीठ आणि तांदूळ. सात किलो. पिस्तोनो धरून आसपासची तीन तळी, तीन वाटा, प्रत्येक वाट तीनदा: कोरड्यात, ओल्यात आणि पानं पडलेली असताना. वहीत तेरेझियोने रकाने आखून दिले होते, वेळ, रुंदी, चढ. बाकीचे ओत्तावियाने स्वतः वाढवले. नळ नाही. बाक आहे, पण उन्हात. शू करायला जागा: झुडपामागे, काटे. इथे मूल पाण्याकडे धावेल. इथे आजोबा थांबायचं म्हणतील.

हे सगळं तिने आता कातियाला सांगितलं, जरा लांबण लावूनच. कातियाने ऐकून घेतलं.

"आणि मलमल कशाला घातली होती वर? पिठाला ऊन लागतं?"

"पाऊस होता."

"पिनुच्चाने फीत शिवली," कातिया म्हणाली. "तिला कुणी काही सांगितल्याशिवाय तिने शिवली?"

पिनुच्चा बेकरीवाली. गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची फीत तीच शिवते, दुपारी दुकान बंद असताना, गल्ल्यामागे बसून. या भागातली माणसं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे नाक खुपसणं. ती ऐकतात, आपल्या मनाशी जुळवतात आणि मग एक दिवस गुपचूप काहीतरी आणून देतात: मेलेल्याच्या घरी सूप, आजाऱ्याच्या घरी लाकडं. कातियाची महिनाभराची रजा, तिचे ढगळ कोट, तोरिनोच्या इस्पितळाच्या खेपा हे सगळं पिनुच्चाने बघितलेलं होतं. घरच्यांनी लाजून फीत लावली नसेल असं तिला वाटलं असणार, आणि तिने आज दुपारी येऊन ती फाटकाला बांधली, घंटीसुद्धा न वाजवता.

"मी कुणाशी काही बोलले नाही," ओत्ताविया म्हणाली.

कातियाने तिच्याकडे बघितलं. मग टेबलापाशी आली आणि फितीची घडी उलगडली. पट्टीवर, बारीक उलट्या टाक्याने, नाव भरलेलं होतं. आन्येझे.

इवानोचं चावणं थांबलं.

"हे दोघांना माहीत होतं," कातिया म्हणाली. आता ती ओत्तावियाकडे बघतच नव्हती. "मला आणि तुला. कागदावर कुठे नाही. माझ्या आईला मी सांगितलं नाही, बहिणीला नाही. बोल."

इवानोने आईकडे एक क्षणभर बघितलं. बघितलं आणि नजर काढून घेतली. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी, इस्पितळातल्या कॉफीच्या यंत्रासमोर, हातातला कागदी पेला गार होईपर्यंत धरून तो आईला म्हणाला होता, आन्येझे ठेवणार होतो. तेवढंच. तिनेही पुढे काही विचारलं नव्हतं.

"मीच बोललो असेन," इवानो म्हणाला. "बारमध्ये. कधीतरी, प्यायल्यावर."

"प्यायल्यावर तू झोपतोस. बोलत नाहीस."

"मग एकदा बोललो. सांगतोय ना."

ओत्तावियाने सूप ढवळलं. ढवळायची काही गरज नव्हती. तिला वाटलं, आता बोलावं. आणि तेवढ्यात कातिया वर गेली. टाचा जिन्यावर वाजल्या, वरच्या खोलीपर्यंत गेल्या, थांबल्या. मग पूर्वेच्या बाजूच्या लहान खोलीत गेल्या. त्या खोलीला सव्वा वर्षापूर्वी पिवळा रंग दिला होता आणि तिचं दार तेव्हापासून कुणी उघडलं नव्हतं.

तळ्यावरच्या त्या दिवसाचं खरं असं होतं.

मार्चचा बुधवार, झिमझिम पाऊस. पिस्तोनोच्या पुढे जंगलात एक जागा आहे, तिला सगळे नाचती जमीन म्हणतात. पूर्वी तिथे तळं होतं, ते आटून दलदल झाली, दलदलीवर गवत आणि झाडं आली. वर उडी मारली की खालची माती गादीसारखी दबते आणि आजूबाजूची झाडं डोलतात. पोरांना तिथून हलवता येत नाही. ओत्ताविया वहीत 'चाकं रुततात, पण थोडी' असं लिहीत होती आणि पलीकडे लाल रेनकोटातली एक तरुण बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला बस झालं, बस झालं म्हणत होती. मुलीने आणखी एक उडी मारली. जमीन हलली, आणि गाडी आपोआप झुलायला लागली. मलमलीखालची पिशवी एका अंगावर कलंडली, झोपेत कूस बदलावी तशी.

"अगं, उठवलंस ना तिला," बाई मुलीला म्हणाली. मलमलीला गुलाबी काठ होता, त्यावरून तिने ताडलं असावं. आणि ओत्तावियाला, "माफ करा हं. जागी झाली का?"

ओत्ताविया गाडीत वाकली. हात आपोआप आत गेले, पिशवी सरळ केली, कापड नीट केलं. तीस वर्षांची सवय. "नाही," ती म्हणाली. "हिची झोप गाढ आहे."

"भाग्यवान आहात. केवढी आहे?"

सात किलो म्हणजे पाच महिने. हे तिने डोक्याने ठरवलं नाही, तिच्या मनगटांनी ठरवलं. "पाच महिने."

"नाव काय?"

नाव तोंडातून बाहेर पडल्यावर तिला ऐकू आलं.

त्या मग बाकावर बसल्या. वीस मिनिटं. बाईने संत्रं सोललं आणि अर्धं ओत्तावियाला दिलं. दातांबद्दल बोलल्या, ताप अंगावर काढावा की डॉक्टरकडे न्यावं याबद्दल, नवरे रात्री काहीच कसं ऐकत नाहीत याबद्दल. बाई एकदा मोठ्याने हसली आणि तिने ओत्तावियाच्या दंडाला हात लावला. कुठे राहता विचारलं, तेव्हा ओत्तावियाने खरा पत्ता सांगितला, चर्चखालचं हिरवं फाटक. आत्तापर्यंत कितीदा तिने मनाशी म्हटलं होतं, की खोटंच बोलायचं होतं तर निदान पत्ता तरी खोटा सांगायचा. पण पत्ता सांगताना ती खोटं बोलते आहे असं तिला वाटतच नव्हतं. बाई जाताना पाव घ्यायला गावात थांबली असणार. 'त्या हिरव्या फाटकातल्या आजींची आन्येझे काय शांत झोपते हो,' एवढं एक वाक्य पिनुच्चाला पुरेसं होतं.

परतीच्या वाटेवर तिने मुळांची नोंद केली नाही. मुळं आली की ती गाडी पुढून थोडी उचलायची आणि हळूच उतरवायची. फाटकाशी आल्यावर तिने पिशवी काढून फडताळात ठेवली. रविवारी त्यातलंच पीठ घट्ट शिजवून पोलेंता केला, वर रानडुकराचा रस्सा घातला. मुलगा आणि सून दर रविवारसारखे साडेबाराला खाली आले. कातियाने दोनदा वाढून घेतलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी वरून वेगळेच आवाज येत राहिले. टाचा लहान खोलीत, घासणं मोठ्या खोलीत. कॉफीचं भांडं दोनदा वाजायचं, एकदा साडेसहाला आणि एकदा सातला. ओत्तावियाने पहिल्या दिवशी स्वतःला समजावलं, की नवराबायको आहेत, होईल नीट. दुसऱ्या दिवशी तिला ते समजावणं जमलं नाही.

शुक्रवारी दुपारी तेरेझियो आला. बरोबर छापून आलेली पत्रकं होती. तळ्याकाठच्या वाटा, सहकुटुंब. खाली गाडीचं छोटं चित्र. रविवारी सकाळी दहाला चर्चसमोर जमायचं, पहिली फेरी पिस्तोनोची. बावीस कुटुंबांनी नावं दिली होती, त्यातली सहा तोरिनोची. मागच्या बाजूला, सगळ्यांत खाली, 'वाट दाखवणार' असं लिहून पुढे तिचं नाव, आडनावासकट. आजवर तिचं नाव एकदाच छापून आलं होतं, सेकोंदोच्या मृत्यूच्या पत्रकावर, आणि तिथेही 'पत्नी' एवढ्यानंतर.

तेरेझियोने खुर्ची ओढून घेतली, कॉफी घेतली, साखर ढवळत बसला. त्याने ऐकलेलं होतं, हे त्याच्या ढवळण्यावरून कळत होतं. त्याने विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, की लोक फार बोलतात, आणि रविवारी ऊन असेल असं वाटतं, आणि पोरांना सांभाळायला अक्कल ठिकाणावर असलेलं माणूस हवं, म्हणून त्याने बाकीच्या सहा जणांना सांगून ठेवलंय की ओत्तावियासारखं दुसरं कुणी नाही. हे म्हणताना त्याने मान वर केली नाही. म्हणजे कुणीतरी शंका काढली होती आणि त्याने ती दाबली होती.

"तुझ्या वहीतलं 'इथे आजोबा थांबायचं म्हणतील' ते मी तसंच ठेवलं," तो उठताना म्हणाला. "लोक हसतील. चांगलं हसतील."

तो गेल्यावर तिने पत्रक टेबलावर ठेवलं, मग फडताळाच्या काचेला टेकवून उभं केलं, मग पुन्हा काढलं. बावीस कुटुंबं. दहा वाजता. ती सगळ्यांच्या पुढे चालणार आणि मागून पोरांचे आवाज येणार. नाचत्या जमिनीपाशी ती हात वर करून सगळ्यांना थांबवणार आणि म्हणणार, आता बूट घट्ट बांधा. हे वाक्य ती तीन आठवडे भांडी घासताना म्हणून बघत होती.

शनिवारी सकाळी इवानो एकटाच खाली आला. दाढी केलेली नव्हती. ओत्तावियाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. तो म्हणाला, की त्याने विचार केलाय. मामेभाऊ डेनिसची मुलगी चार-पाच महिन्यांचीच आहे, ते लोक मार्चमध्ये इथे येऊन गेले असं सांगायचं. आजी तिला फिरवत होती. नावाचा घोळ पिनुच्चाचा. पंधरा दिवसांत लोक विसरतील.

"आणि नाव तू बारमध्ये बोललास," ओत्ताविया म्हणाली.

"हो."

"बोललास का?"

इवानो कपात बघत राहिला. "मम्मा, तू रविवारचं कर. तुला आवडतं ते. किती वर्षांनी तुला काहीतरी आवडलंय. कातियाचं मी बघतो."

"ती काय म्हणते?"

"बिएल्लाला जाते म्हणते, बहिणीकडे. थोडे दिवस." त्याने कप खाली ठेवला. "म्हणते, एक गोष्ट होती आपल्या दोघांची आणि तू ती वाटून प्यायलास."

मग तो कुणाचा तरी बंद पडलेला बॉयलर बघायला गेला. शनिवारीही त्याला कामं असतात.

ओत्तावियाने खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. भाजीवाल्याच्या गाडीवरून कांदे आणि एक पालकाची जुडी आणली. भाजीवाल्याने आपणहून गाजरं जास्त घातली आणि म्हणाला, "छोटीला उकडून," आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. ती गाजरं तिने घेतली. परत घे असं न म्हणता पिशवीत टाकली. फाटकापर्यंत येता येता तिला कळलं, की हे असंच चालू राहणार. तिने गप्प राहायचं, इवानोने सावरायचं, गावाने गाजरं द्यायची, आणि कातियाने काउंटरमागे उभं राहून हात दाबून घ्यायचे. मामेभावाची गोष्ट पसरेल, पण कातिया बिएल्लाला गेली की लोक तीही गोष्ट आपल्या मनाशी जुळवतील, आणि त्या जुळवणीत कातियाच वाईट निघेल, मूल सोडून गेलेली.

घरात आल्यावर तिने भाजी ओट्यावर ठेवली आणि तेरेझियोला फोन केला. बोलणं दोन मिनिटांत संपलं. तो म्हणाला, पत्रकं छापून झालीत. ती म्हणाली, माहीत आहे.

साडेबाराला इवानोची गाडी फाटकात आली. घासणारी पावलं वर गेली. ओत्तावियाने एप्रन काढला, केस नीट केले आणि जिना चढायला लागली. बोलावल्याशिवाय ती या जिन्यावर शेवटची केव्हा चढली होती, तिला आठवेना. वरच्या फरशीवर दाराशी कातियाची निळी बॅग उभी होती, चेन ओढलेली.

दार उघडंच होतं. कातिया आतल्या टेबलापाशी उभी राहून चष्म्याच्या डबीत काहीतरी शोधत होती. इवानो खुर्चीवर बसून बूट काढत होता. दोघांनीही आधी तिच्याकडे, मग एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी पडलं-झडलं असावं असे त्यांचे चेहरे झाले.

"काय झालं?" इवानो म्हणाला.

"नाव मी सांगितलं," ओत्ताविया म्हणाली. "इवानोने नाही."

कातियाने डबी मिटली.

ओत्तावियाने सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच, बस असं कुणी म्हणालं नाही. इस्पितळातली कॉफी, लाल रेनकोट, हललेली जमीन, पाच महिने. काहीही सुशोभित न करता, वहीत लिहायची तसं. बाईने मला विचारलं आणि मी उत्तर दिलं. दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा दिलं. वीस मिनिटं बसले. मला बरं वाटलं. हे शेवटचं वाक्य बोलायचं तिने ठरवलं नव्हतं.

खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली.

"माझ्या मुलीला पिठाची पिशवी केलंत," कातिया म्हणाली.

"हो."

"आणि मग ती आम्हाला जेवायला घातलीत."

कातियाच्या तोंडाचा एक कोपरा विचित्र हलला, ते रडणं होतं की दुसरं काही, हे ओत्तावियाला कळलं नाही, आणि विचारायची तिला हिंमत झाली नाही. इवानो एका पायात बूट, एका पायात मोजा असा उठला आणि कातियाकडे जायला निघाला. कातियाने हाताने त्याला थांबवलं, पण तो हात तिने लगेच मागे घेतला नाही, त्याच्या शर्टावरच राहू दिला.

"मला का नाही सांगितलंस, की आईला माहीत होतं?" ती त्याला म्हणाली.

"तू विचारलंस तेव्हा फार उशीर झाला होता," इवानो म्हणाला. "बरं, आता झालं ना सांगून. घरातलं घरात राहू दे. मम्मा, बाहेर डेनिसचंच सांगू. नाहीतर तुला वेड लागलंय असं म्हणतील, कुणी पोरं सोपवणार नाही तुझ्याकडे. तेरेझियो तरी किती सांभाळून घेईल? उद्याचं हातचं जाईल."

"ते गेलं," ओत्ताविया म्हणाली. "मी त्याला मघाशी फोन केला. उद्या तो स्वतः नेईल सगळ्यांना. वही त्याच्याकडेच आहे, वाट त्यात सगळी लिहिलेली आहे."

"तुला कुणी सांगितलं असं करायला?"

"कुणी नाही."

कातियाची नजर दाराबाहेर उभ्या बॅगेवर गेली आणि परत आली. ती थांबेल की जाईल, हे ओत्तावियाला तिच्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही. ते वाचायला ती वर आलीही नव्हती. तिने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला.

"उद्या सकाळी साडेआठला, प्रार्थनेआधी, पिनुच्चाच्या दुकानात निम्मं गाव पावासाठी रांगेत असतं," ती म्हणाली. "मी तिथे जाणार आहे. या घरात मूल नाही, बाळाची गोष्ट मी रचली आणि नाव कातियाच्या लेकीचं वापरलं, तिला न विचारता, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. डेनिसचं कुणी काही बोलायचं नाही. आणि माझ्याबरोबर कुणी यायचं नाही."